पाय धरल्याचा गुन्हा

बद्रीनाथ जन्माला आला तोच मुळी त्याच्या बापानं एका सरकारी माणसाचे पाय धरले म्हणून. ही गोष्ट त्यानं कोथरूडातल्या निम्म्या सोसायट्यांना सांगितली असेल, आणि दर वेळी हातातली इस्त्री बाजूला उभी करून सांगितली असेल. कारण ती गोष्ट दोन्ही हात मोकळे असल्याशिवाय सांगताच येत नाही.

वाशिमकडचं आडवळणाचं गाव. दिवसातून एक एस.टी. यायची आणि तीही उतू जात यायची. बद्रीनाथची आई अडलेली, सुईणीनं हात टेकलेले. तिला बैलगाडीत घालून फाट्यापर्यंत आणली. एस.टी. थांबली. ड्रायव्हरनं खिडकीतून मान बाहेर काढली, बाईकडे पाहिलं आणि म्हणाला, "पाय ठेवाले जागा नाही. मागच्या गाडीनं या." मागची गाडी म्हणजे उद्याची गाडी, बरं का! बद्रीनाथचा बाप शंभू. हा माणूस उभ्या आयुष्यात कुणाशी आवाज चढवून बोलला नव्हता. तो ड्रायव्हरच्या बाजूनं वर चढला, दार उघडलं, आत वाकला आणि त्यानं ड्रायव्हरचे दोन्ही पाय धरले. कपाळ थेट बुटांवर. आता पायच अडकल्यावर क्लच कोण दाबणार? गाडी घुर्र घुर्र करत जागच्या जागी. "सोड रे!" ड्रायव्हर ओरडला. "शब्द द्या, सोडतो," शंभू म्हणाला. आतली माणसं कालवा करायला लागली, कोंबड्या करायला लागल्या. शेवटी दोन बाया आपणहून उठल्या, कंडक्टर टपावर जाऊन बसला, आणि ड्रायव्हर म्हणाला, "नेतो बापा, नेतो. दिला शब्द." तेव्हा कुठं पाय सुटले. बद्रीनाथ तालुक्याच्या दवाखान्यात जन्मला. दुसऱ्या दिवशी परतीच्या फेरीला तो ड्रायव्हर मुद्दाम पोर बघायला आला आणि शंभूला म्हणाला, "काय पक्कड हाये रे तुही!"

त्या भागाचा रिवाजच तसा. उठसूट कुणी कुणाचे पाय धरायचं नाही, पण अगदीच अडलं, सगळे रस्ते बंद झाले, की धरायचे. आणि एकदा धरले की शब्द मिळाल्याशिवाय सोडायचे नाहीत. समोरच्यानंही तेवढा वेळ उभं राहायचं, चिडला तरी पाय झटकायचे नाहीत, आणि जमेल तेवढा शब्द द्यायचा. धरणाऱ्याला हे माहीत असतं आणि ज्याचे धरले त्यालाही माहीत असतं. पुण्यात हे कुणाला माहीत नव्हतं. आणि पुण्यात हे कुणाला माहीत नाही, हे बद्रीनाथला माहीत नव्हतं.

तो पुण्यात आला तेव्हा मिशी नीट फुटलेली नव्हती. आधी बांधकामावर, मग एका लाँड्रीत, आणि मग लग्न झाल्यावर स्वतःची गाडी. कोथरूडात एका सोसायटीच्या भिंतीला लागून बकुळीचं झाड होतं. त्याच्या सावलीत चार चाकांचं लाकडी टेबल, त्यावर घोंगडी, घोंगडीवर जुनी चादर, एक पाण्याचा तांब्या आणि कोळशाची इस्त्री. विजेची इस्त्री त्याला कधी आवडली नाही. "तिचा ताप सगळीकडं सारखा," म्हणायचा, "अन् कापूस अन् रेशीम सारखं हाये का जी?" कोणता शर्ट कुणाचा हे त्याला कॉलरच्या झिजेवरून कळायचं. चष्मेवाल्या मास्तरांची कॉलर उजवीकडे झिजायची, बँकेतल्या बाईंच्या ओढणीला नेहमी एकाच जागी भाजीचा डाग असायचा. कुणाचं नवं लग्न झालं, कुणाची नोकरी गेली, कुणाघरी दुखवटा आहे, हे त्या झाडाखाली शेजाऱ्यांच्या आधी कळायचं. कळायचं आणि तिथंच राहायचं. वर्षानुवर्षं गेली, पण एक रुमाल म्हणून हरवला नाही. दिवाळीच्या पाडव्याला हा गडी स्वच्छ सदरा घालून घरोघरी जायचा, वडीलधाऱ्यांच्या पाया पडायचा आणि फराळ बांधून घेऊन यायचा. त्याच्या बायकोनं, कौसल्येनं, पुण्यात आल्यापासून चकलीचा सोऱ्या विकत घेतला नाही तो यामुळेच.

पहिल्या मजल्यावर दिगंबरपंत राहायचे. टपाल खात्यातून निवृत्त, सडपातळ, आणि जीभ अशी की केळीच्या पानासारखा माणूस उभा चिरावा. गॅलरीतून ओरडायचे, "बद्रीनाथ, काल दिलीस ती घडी शर्टाची होती की जिल्ह्याच्या नकाशाची?"

"नकाशाची जी. तुमी पोस्टातले, तुमाले सोपी जाईन म्हणून."

पंत खूश व्हायचे. उलट उत्तर देणारा माणूस त्यांना फार कमी भेटायचा.

तर त्या पंतांचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं. दुसऱ्या दिवशी कार्यक्रम. त्यांचा रेशमी कोट आणि त्यांच्या पत्नी कुसुमताईंची लग्नातली पैठणी, दोन्ही बद्रीनाथच्या टेबलावर. पैठणी तो मलमलचं फडकं मधे घालून, जिवापेक्षा हळू करत होता. आणि नेमकी त्याच वेळी अतिक्रमणवाल्यांची गाडी आली.

यापूर्वी ती आली नव्हती असं नाही. आधी कुणकुण लागायची आणि बद्रीनाथ टेबल ढकलत गल्लीत न्यायचा. या खेपेला कुणकुण लागली नाही. निरीक्षक नवे होते, सर्जेराव म्हणून. अंगानं थोराड, कामाला चोख, तोंडानं वाईट नाही. वरून आदेश होता, रस्ता मोकळा करायचा. बिगाऱ्यांनी टेबल चारी बाजूंनी उचललं ते घोंगडी, कपडे, तांब्यासकट. बद्रीनाथच्या हातात निखाऱ्यांनी भरलेली इस्त्री तेवढी राहिली. ती हातात घेऊन साहेबांपुढं जाणं बरं दिसत नाही म्हणून त्यानं ती आधी झाडाच्या बुंध्याशी नीट उभी करून ठेवली, हात सदऱ्याला पुसले आणि मग गेला. हे नीट लक्षात ठेवा. पुढं कोर्टात ह्या इस्त्रीचं बरंच झालं.

"साहेब, गाडी न्या. कपडे लोकायचे हायेत. तेवढे उतरवू द्या."

"पंचनामा झाला. आता कार्यालयात या, तिथं मिळतील."

"कवा?"

"अर्ज केल्यावर."

"उद्या सकाळी म्हाताऱ्याचं कार्य हाये जी. कोट त्याचाच हाये."

"अहो, माझ्या हातात नाही ते," सर्जेराव म्हणाले आणि ट्रकच्या पायरीकडे वळले.

बद्रीनाथनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. पैठणीचा पदर ट्रकच्या फळीला घासत होता. सगळे रस्ते बंद झाले होते. तो खाली बसला आणि त्यानं सर्जेरावांचे दोन्ही पाय धरले. कपाळ बुटांवर.

"सोडा," सर्जेराव म्हणाले.

"शब्द द्या, सोडतो."

"सोडा हो. काय करताय?"

"एक डाव 'देतो' म्हणा."

"सोडा म्हणतो ना!"

सर्जेरावांनी एक पाय उचलून पायरीवर टाकायला बघितला. तो उचललाच गेला नाही. वरचं अंग पुढं गेलं, खालचं जागीच राहिलं, आणि एवढा मोठा माणूस फुटपाथच्या कडेवर हातावर आपटला. मनगटाचा आवाज गॅलरीत दिगंबरपंतांना ऐकू आला, असं पंत पुढं म्हणायचे. पडल्यावरही बद्रीनाथनं पाय सोडले नव्हते. शब्द मिळाला नव्हता ना!

गुन्हा लागला तो कलम तीनशे त्रेपन्न. सरकारी नोकर कामावर असताना त्याच्यावर हल्ला किंवा बळाचा वापर. शिवाय त्याला दुखापत केली म्हणून आणखी एक. जामीन चौकीत होत नाही, कोर्टातून घ्यावा लागला. कौसल्या जाळीच्या अलीकडून म्हणाली, "तुमी मारलं साहेबाले?"

"पाया पडलो."

"मंग आत कावून टाकलं?"



दिगंबरपंत कार्यक्रमाला बुशशर्ट घालून बसले. कुणीतरी विचारलं तर म्हणाले, "इतक्या वर्षांत हजार चंद्रांपैकी एकानंही माझ्या कपड्यांबद्दल तक्रार केलेली नाही." कोट आणि पैठणी यथावकाश आली. गोदामात ओल होती. कोटाला बुरशी, पैठणीला टेबलाच्या गंजक्या खिळ्याचा डाग. बद्रीनाथ ती पैठणी बघून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

खरी मेख पुढंच होती. त्याच सुमाराला फेरीवाल्यांना रीतसर जागा नेमून द्यायचं चाललं होतं. बद्रीनाथचं नाव होतं, जागाही तीच, बकुळीखालची. कार्यालयातला कारकून म्हणाला, "केस आहे ना तुमच्यावर? सरकारी माणसावर हात टाकल्याची? निकाल आणा. निर्दोष असलात तर जागा तुमची. नसलात तर येऊच नका." म्हणजे बद्रीनाथचं झाड आता कोर्टात उभं होतं. त्याला तुरुंगाची भीती फारशी वाटली नाही. झाडाची वाटली. तोवर तो डोंगरउतारावरच्या आपल्या खोलीत इस्त्री करायचा आणि गठ्ठे सायकलवर बांधून पोचवायचा. चढावर सायकल ढकलायची, उतारावर घड्या मोडायच्या. एकेक गिऱ्हाईक, वाईट न बोलता, सुटत गेलं.

वकील मिळाली ती सरकारी मदतीतून, मैत्री नावाची मुलगी. केस आखूड, पाठीला कॉलेजसारखी सॅक, पण जीव तोडून काम करणारी. तिनं त्याला समोर बसवून कायदा समजावला.

"काका, तीन गोष्टी प्रूव्ह व्हाव्या लागतात. एक, समोरचा सरकारी नोकर पाहिजे."

"होते जी."

"दोन, तो ड्यूटीवर पाहिजे."

"होते."

"तीन, तुम्ही त्याला कामापासून अडवायला हल्ला किंवा बळ वापरलं पाहिजे. आपली सगळी केस या तिसऱ्यावर आहे. नुसती हुज्जत घातली, आरडाओरडा केला, तर हे कलम लागत नाही, असं वरच्या कोर्टांनी कितीतरी वेळा सांगितलंय."

बद्रीनाथनं जरा विचार केला. "म्हंजे मी साहेबाले लांबून शिव्या देल्या असत्या तर?"

"तर या कलमातून बहुतेक सुटला असता."

"अन् पाया पडलो तर?"

मैत्रीनं पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. "तेच तर कोर्टाला ठरवायचंय, काका."

मग त्यानं तिला एस.टी.ची गोष्ट सांगितली. हातवारे करून, कोंबड्यांसकट. ती खूप हसली, आणि हसता हसता एकदम थांबली. "अहो, एस.टी.चा ड्रायव्हरही सरकारी नोकरच धरतात. तुमच्या बाबांवरही तीनशे त्रेपन्न लागलं असतं."

बद्रीनाथला हे फार लागलं. घरी जाऊन त्यानं कौसल्येला सांगितलं, "मी जन्मलो तोच गुन्ह्यातून, म्हणते वकीलबाई."

वर्षं गेली. मधे कायद्याची पुस्तकंच बदलली, आणि नव्या पुस्तकात या कलमाला एकशे बत्तीस आकडा मिळाला. बद्रीनाथला वाटलं, आकडा गेला तशी केसही जाईल. पण गुन्हा जुना, म्हणून कलमही जुनंच. दिगंबरपंत म्हणाले, "घराचा नंबर बदलला रे, घरमालक तोच आहे."

शेवटी साक्षी सुरू झाल्या. सर्जेरावांना बद्रीनाथनं त्या दिवसानंतर पहिल्यांदा पाहिलं ते कोर्टाच्या व्हरांड्यात. मनगट जरा वाकडं जुळलं होतं, आणि त्या हातानं ते पाण्याची बाटली उघडायला बघत होते. झाकण फिरत नव्हतं. बद्रीनाथ गेला सरळ त्यांच्यापाशी, आणि माफी मागायला वाकला. सर्जेराव असे मागं उडाले की बाकावर बसलेल्या एका आजीबाईंच्या मांडीवरच टेकले. पोलीस ओरडला. मैत्री धावत आली. "काका! पाय नाही! इथं कुणाचेही पाय नाहीत!"

सर्जेराव सावरून उभे राहिले. "अहो, माझा तुमच्यावर राग नाही," ते म्हणाले. "पण लांबून बोला."

साक्षीतही ते सरळ बोलले. तसा माणूस खोटा नव्हताच. मैत्रीनं विचारलं, "आरोपीच्या हातात गरम इस्त्री होती. ती त्यांनी तुमच्याकडे येण्याआधी खाली ठेवली, बरोबर?"

"बरोबर. नीट उभी करून ठेवली."

"शिवी दिली?"

"नाही."

"मारलं, ढकललं?"

"नाही."

"म्हणजे त्यांनी तुम्हाला फक्त नमस्कार केला."

"हो, नमस्कार केला," सर्जेराव म्हणाले, "पण सोडला नाही."

बचावाचा साक्षीदार एकच, दिगंबरपंत. चौऱ्याऐंशी वर्षांचे, पण काठी न घेता पिंजऱ्यात चढले. सांगितलं सगळं झकास. बद्रीनाथ कसा, त्याचा हात कसा, एवढ्या वर्षांत एक बटण म्हणून गेलं नाही, आणि त्या दिवशी तो कसा काकुळतीला आला होता. बद्रीनाथला वाटलं, आता झाड मिळालं. मग सरकारी वकील उठले. त्यांनी दोनच प्रश्न विचारले.

"आजोबा, आपल्याला ऐकू नीट येतं?"

"आपल्यापेक्षा बरं येत असावं. प्रश्न पुटपुटू नका."

"साहेब 'सोडा' म्हणाल्याचं आपण ऐकलंत?"

पंत म्हणजे आयुष्यभर टपालाचं वजन एक गुंज इकडं-तिकडं होऊ न दिलेला माणूस. त्यांनी बद्रीनाथकडे पाहिलं, मग जजसाहेबांकडे.

"ऐकलं. तीनदा म्हणाले. स्पष्ट उच्चारात."

बाहेर आल्यावर पंत म्हणाले, "बद्रीनाथ, शपथ घातली होती रे त्यांनी."

"खरं तेच बोलले जी तुमी," बद्रीनाथ म्हणाला, आणि त्यांना रिक्षात बसवून दिलं.

आता उरला आरोपीचा जबाब. आदल्या दिवशी मैत्रीनं त्याला चार चारदा पढवलं. "जजसाहेब एकेक मुद्दा वाचतील आणि विचारतील, हे खरं आहे का? तुम्ही प्रत्येकाला 'खोटं आहे' एवढंच म्हणायचं."

"पन काही काही खरं हाये."

"असू दे. सगळेच तसं म्हणतात, काका. आरोपीवर शपथ नसते, त्याला कुणी धरत नाही. तुमच्या गावचा जसा रिवाज, तसा हा इथला रिवाज समजा."

त्यानं मान डोलावली. रात्री कौसल्येनंही घोकून घेतलं. सकाळी बसमध्ये तो ओठातल्या ओठात 'खोटं आहे, खोटं आहे' म्हणत होता. शेजारची बाई जागा बदलून बसली.

पहिले प्रश्न बरे गेले. तिथं अतिक्रमण होतं? खोटं आहे. तुम्ही आरडाओरडा केला? खोटं आहे. मैत्रीचे खांदे जरा खाली आले. मग जजसाहेबांनी वाचलं, "साक्षीपुराव्यात असं आलं आहे की तुम्ही निरीक्षकांचे दोन्ही पाय धरले. याबद्दल काय म्हणणं आहे?"

बद्रीनाथनं तोंड उघडलं. आणि त्याला ती एस.टी. दिसली. बाप ड्रायव्हरच्या पायांवर वाकलेला, आई बैलगाडीत. धरलेले पाय धरले नाहीत म्हणायचं, म्हणजे त्या दोघांनाही फाट्यावर सोडून द्यायचं.

"धरले जी," तो म्हणाला.

मैत्रीनं डोळे मिटले.

"कशासाठी?"

"साहेबानं थांबावं म्हणून."

टाइप करणाऱ्या बाईंनी ते जसंच्या तसं टाइप केलं. जजसाहेबांनी शांतपणे विचारलं, "आणखी काही सांगायचं आहे?" आणि मग काय, बद्रीनाथनं एस.टी.ची गोष्ट सांगितली. पिंजऱ्यात जागा कमी, तरी हात मोकळे केलेच. टाइपाचा आवाज थांबला. कोंबड्यांपाशी शिपाईसुद्धा हसला. जजसाहेब हसले नाहीत, पण त्यांनी अडवलंही नाही. पूर्ण ऐकून घेतली. बद्रीनाथच्या मनात आलं, गोष्ट लागू पडली.

त्या दिवशी घरी कौसल्या म्हणाली, "एक डाव खोटं बोलता आलं नाही? जगासाठी नाही, त्या झाडासाठी?"

"धरले अन् धरले नाही म्हनू? बाप वरून थुकंन माह्यावर."

"बाप वर हाये. मी खाली हावो," ती म्हणाली आणि चुलीकडे वळली.

वादविवाद झाले. मैत्री छान बोलली. म्हणाली, पाय धरणं हा आपल्याकडे शरणागतीचा कळस आहे. जो माणूस जळती इस्त्री खाली ठेवून, कपाळ बुटाला लावतो, त्यानं हल्ला केला म्हणायचं तर या देशात नमस्कार करायची सोय राहणार नाही. सरकारी वकील म्हणाले, कायद्यात बळाची व्याख्या आहे. दुसऱ्याच्या शरीराची हालचाल घडवणं हे जसं बळ, तसं चालती हालचाल बंद पाडणं हेही बळ. हेतू काय होता, तो आरोपीनं आपल्याच तोंडानं सांगितला आहे: साहेबांनी थांबावं.

निकाल जजसाहेबांनी मराठीतून समजावून सांगितला, बद्रीनाथकडे बघत. दुखापतीच्या आरोपातून तो सुटला. निरीक्षकांना इजा व्हावी असं त्याच्या मनात नव्हतं, आणि इस्त्री खाली ठेवली यावरून ते दिसतंच. पण तीनशे त्रेपन्नातून नाही. ते म्हणाले, "पाया पडणं हा गुन्हा नाही. हात जोडणं, विनवणी करणं, कपाळ टेकणं, यातलं काहीही गुन्हा नाही. पण समोरच्यानं सोडा म्हटल्यावर न सोडलेला नमस्कार हे बळ आहे. त्या ड्रायव्हरला शब्द देता येत होता, म्हणून त्यानं दिला. या निरीक्षकांना तो द्यायचा अधिकारच नव्हता. तुम्ही जे मागत होता ते त्यांच्यापाशी नव्हतं."

शिक्षा? न्यायालय उठेपर्यंत कैद, आणि थोडा दंड. मैत्री धावत त्याच्यापाशी आली. "काका, संध्याकाळपर्यंत इथं बसायचं फक्त! पाच वर्षांपर्यंत देता आली असती त्यांना. जिंकल्यासारखंच आहे हे."

"म्हंजे निर्दोष?"

"नाही," ती म्हणाली. "दोषी. पण..." मग अपिलाचं म्हणाली. बद्रीनाथनं हातानंच नको म्हटलं.

मग तो मागच्या बाकावर बसला. कैदच ती, पण दाराला कुलूप नाही, हातात बेडी नाही. त्याच्यासमोर दुसऱ्या केसी चालल्या. कुणाची भाऊबंदकी, कुणाचा अपघात. डबे खायची सुट्टी झाली, लोक गेले, परत आले. त्याला पाण्याला जायचं होतं, पण विचारायचं कुणाला हे न कळल्यानं तो गेला नाही. जजसाहेबांच्या काळ्या कोटाच्या पाठीला एक आडवी चुणी होती. दिवसभर तो तिच्याकडं बघत बसला. ओल्या फडक्याखाली, हलक्या तापावर, एका हातात निघाली असती. संध्याकाळी जजसाहेब उठले, सगळे उठले, तोही उठला. शिक्षा संपली होती.

कार्यालयातला कारकून निकालाची प्रत वाचत नाही. शेवटचा शब्द बघतो. त्यानं तो बघितला आणि म्हणाला, "पुढचे." बकुळीखालच्या जागेभोवती लोखंडी कठडा आला. आत हिरवळ लावली. पहिल्या उन्हाळ्यातच ती वाळली. कठडा आहे.

बद्रीनाथ आता हिंजवडीला एका मोठ्या हॉस्टेलच्या तळघरातल्या धुलाईखान्यात असतो. पोरंपोरी कंपनीच्या बसमधून येतात, कपड्यांची पिशवी भोकातून आत टाकतात. पिशवीला नंबर. कॉलर बघायचं काम नाही. टी-शर्टाला कॉलर नसतेच. बहुतेक कपड्यांना इस्त्री लागतही नाही, पैशांत धरलेली असते म्हणून करायची. इस्त्री वाफेची. तिचा ताप सगळीकडं सारखा.

निकालानंतरचा पाडवा आला. स्वच्छ सदरा घालून तो कोथरूडात गेला, हिंजवडीच्या गर्दीत अर्धा दिवस घालवून. पंत आता फारसे उठत नाहीत. दारासमोर खुर्चीत बसले होते. त्याला बघून त्यांनी दर वर्षीसारखे पाय सपातांतून बाहेर काढून फरशीवर ठेवले. बद्रीनाथ उंबऱ्याबाहेर हात जोडून उभा राहिला. वाकला नाही.

"काय रे? कंबर धरली का?"

"नाही जी."

"मग मुहूर्त बघतोस?"

"तुमी 'पुरे' म्हनसान," बद्रीनाथ म्हणाला, "अन् माह्यानं सुटलं नाही तर?"

फरशी गार होती. पंतांनी एकेक करून पाय परत सपातांत घातले. आतून कुसुमताईंनी फराळाची पुडी आणून दिली. ती बद्रीनाथनं हात लांब करून घेतली, कौसल्येसाठी रुमालात बांधली, आणि कठड्याला वळसा घालून बस स्टॉपकडे गेला.